हौसा नीलगायीचं न झालेलं ऑपरेशन

एका जंगलात एकदा सगळ्यांच्याच पाठी दुखायला लागल्या.

ए, सरळ बस. गोष्ट पाठीची आहे, ती पोक काढून ऐकू नये. आणि तू, मागच्या ओळीतली, तो मोबाईल दप्तरात टाक. इकडे बघ.

हां. तर पाठी दुखायला लागल्या, कारण जंगलात नुकताच पक्का रस्ता झाला होता. रस्त्याचं काम कोल्ह्याला मिळालं होतं. एवढं सांगितल्यावर रस्त्यात खड्डे का होते हे मला विचारू नका, तुम्ही काही कुक्कुली बाळं नाही. चितळं पळता पळता खड्ड्यात पडायची. गवे अडखळायचे. माकडं वरून हसायची आणि हसता हसता एखादं माकडही पडायचं.

पाठीच्या कण्यात मणके असतात, हे तुम्हाला शाळेत शिकवलंय. एखादा मणका जागेवरून सरकला की नस दाबली जाते, मागचे पाय बधिर होतात आणि वाघ मागे लागला तरी पळता येत नाही. आपल्याकडे पाठ धरली की माणूस रजा टाकतो. जंगलात तशी सोय नसते.

आता कण्यावरून कोणाला काही मोठं, भाषणात घालण्यासारखं सुचत असेल, तर ते त्याने आपल्याजवळच ठेवावं. मी साध्या हाडांबद्दल बोलतोय.

तर उपाय होता. सरकलेला मणका शेजारच्या मणक्याला कायमचा जोडून टाकायचा. दोघांचा मिळून एक झाला की तो हलत नाही, आणि हलत नाही म्हणजे दुखत नाही. हे काम करणारे दोन बडे वैद्य त्या जंगलात होते.

एक डॉक्टर टोचे. हे सुतारपक्षी. ते पाठीकडून जायचे. चोचीने हाडाला नेमकं भोक पाडायचे आणि बाभळीच्या खुंट्या ठोकायचे.

दुसरे डॉक्टर केसाळे. हे अस्वल. ते पोटाकडून जायचे. आतडी हलक्या हाताने बाजूला सारून थेट मणक्यापर्यंत पोचायचे. मधाच्या पोळ्यात हात घालायची सवय, त्यामुळे बोटं कशी लोण्यासारखी फिरायची.

दोघांचंही काम चांगलं होतं बरं का. उगाच कोणाला कमी लेखू नये. भांडण होतं ते नावावरून.

टोचे आपल्या पद्धतीला 'टोचेवेध' म्हणायचे. केसाळे आपल्या पद्धतीला 'केसाळेप्रवेश' म्हणायचे. टोचेंच्या भाच्याने एक खुंटी जास्त ठोकली आणि त्याला 'सुधारित टोचेवेध' म्हटलं. केसाळेंच्या जावयाने तेच काम डाव्या हाताने केलं आणि त्याला 'नवकेसाळेप्रवेश' म्हटलं. सासरेबुवा त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत. आणि एकाने दुसऱ्याच्या पद्धतीचं नाव तोंडातून काढायचं नाही, असा दोन्ही घरांत कडक रिवाज होता.

त्याचं पुढे काय झालं ते ऐका. टोचेंनी खुंट्या ठोकलेलं एक चितळ एकदा पाठ चमकली म्हणून केसाळेंकडे गेलं.

"आधी काय केलंय?" केसाळेंनी विचारलं.

"टोचेवेध," चितळ म्हणालं.

"असला शब्द मला माहीत नाही," केसाळे म्हणाले, आणि काय केलंय ते बघायला त्यांनी पोट उघडलं. आत सगळं ठाकठीक होतं. मग त्यांनी पोट परत शिवलं. बिचारं चितळ! आधी नुसती पाठ दुखत होती, आता पोटही दुखायला लागलं.

हे बघून तिसऱ्या वैद्याचं डोकं फिरलं. तिसरी वैद्य म्हणजे साळूबाई. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असलेली. तिचा दवाखाना कारवीच्या झुडपाखाली होता. दवाखान्याला पाटी नव्हती आणि तिच्या पद्धतीला नाव नव्हतं. पण जीभ फार तिखट होती.

ती तडक वाघोबांच्या गुहेपाशी गेली आणि म्हणाली, "महाराज, हा काय पोरखेळ चाललाय? ऑपरेशनला वैद्याचं नाव कशाला? कुठून आत गेलो आणि मणक्यात काय घातलं, एवढं नावात सांगा. म्हणजे उद्या दुसऱ्या वैद्याला आंधळ्यासारखं चाचपडायला नको. सगळ्या जंगलात एक भाषा करा."

सूचना अगदी शहाणपणाची होती. वाघोबांनाही पटली. आणि शहाणपणाची सूचना पटल्यावर राजे लोक जे करतात तेच त्यांनी केलं. त्यांनी मंडळ नेमलं.

त्याचं नाव मणके संज्ञा प्रमाणीकरण मंडळ. म्हणून बघा एका दमात. नाही ना जमलं? जाऊ द्या, मंडळातल्यांनाही जमायचं नाही.

अध्यक्ष कोण? तर अध्यक्ष निःपक्षपाती हवा. म्हणजे ज्याने आयुष्यात एकही ऑपरेशन केलेलं नाही असा हवा. तसा नियमच झाला. मग कासवअण्णांना बोलावलं. अण्णांची योग्यता वादातीत होती. त्यांनी कधी ऑपरेशन केलं नव्हतं, आणि त्यांच्या पाठीचे सगळे मणके जन्मापासून ढालीला जोडलेले होते. मणके जोडण्याचा एवढा दांडगा अनुभव जंगलात दुसऱ्या कोणाला असणार?

टोचे आणि केसाळे सदस्य झाले. साळूबाईला निमंत्रित म्हणून बोलावलं. निमंत्रितांनी बोलायचं नसतं. त्यांना करवंदं देतात.

पहिली बैठक 'जोडणे' या शब्दावरच अडली.

"माझे मणके जोडलेले आहेत," अण्णा म्हणाले, "पण मला कोणी जोडलेलं नाही. तेव्हा 'जोडणे' हा शब्द मला व्यक्तिशः खटकतो."

"मग 'सांधणे' म्हणू," केसाळे म्हणाले.

"सांधणे म्हणजे चप्पल वाटते," टोचे म्हणाले.

तुम्ही म्हणाल, सुतारपक्ष्याला चपलेचं काय माहीत? मला नका विचारू. बैठकीत बसलं की सगळ्यांना सगळं माहीत असतं.

तर मंडळाचं असं चाललं असताना इकडे हौसा खड्ड्यात पडली.

हौसा ही नीलगाय. गरीब स्वभावाची, पण चालायला मोठी खंबीर. तिला ठमी नावाचं वासरू होतं, जेमतेम चरायला शिकलेलं. उन्हाळा लागला की नीलगायींचा कळप खिंड ओलांडून पलीकडच्या तळ्यावर जायचा, कारण अलीकडचा डोह आटायचा. त्या वर्षी कळप निघाला आणि हौसाचा पाय खड्ड्यात गेला. पाठीत कट्कन आवाज झाला. मागचे पाय हलेनात.

कळप थांबू शकत नव्हता. हौसाच म्हणाली, "ठमीला न्या. मी मागून येते."

ठमी जाताना सारखी मागे वळून बघत होती. हौसाने तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पोरगी हललीच नसती.

साळूबाईने हौसाला कारवीखाली ओढून नेलं. पाठ चाचपली, पोट चाचपलं, कूस चाचपली.

"हे बघ बाई," ती म्हणाली, "पाठीकडून गेले तर तुझं सगळं मांस सोलावं लागेल. पोटाकडून गेले तर तू चार पायांवर उभी राहिलीस की टाके ओढतील. सरळ कुशीतून गेले तर पायाची नस आडवी येते. मी आपली पोट आणि कूस यांच्या मधून, जरा तिरकी जाते."

"तुला येतं ना?" हौसाने विचारलं.

"येतं म्हणून तर बोलतेय."

साळूबाईने तसंच केलं. दोन मणक्यांच्या मध्ये आधाराला काहीतरी हवं होतं, तर तिने स्वतःच्या पाठीवरचा एक जाडजूड काटा उपटला आणि तो आत बसवला. टचकन डोळ्यांत पाणी आलं तिच्या. हौसाला वाटलं कांदा चिरतेय की काय. ए, हसू नका. जंगलात रानकांदा असतो.

पळस फुलला, पळस गळला. हौसा उठून बसली, मग उभी राहिली, मग चालली. आणि एके दिवशी सकाळी ती धावली. साळूबाई झुडपाखालून ओरडली, "अगं हळू! माझा काटा आहे तो!" पण तिचं तोंड हसून हसून दुखत होतं.

"आता मी जाऊ?" हौसाने विचारलं. "ठमी वाट बघत असेल. आणि डोहात आता चिखलच उरलाय."

"जा की. आधी दवंडी मात्र करून घे."

ही दवंडीची भानगड नीट समजून घ्या, पुढे लागणार आहे. खिंड फार अरुंद. एका वेळी एकच जनावर जाईल एवढीच. मागे एक गवा पाठीचं ऑपरेशन झाल्या झाल्या खिंडीत शिरला आणि मधोमध बसला. तो उठेचना. उन्हाळाभर सगळ्यांची वाट अडली. तेव्हापासून नियम झाला, की ज्याच्या पाठीचं ऑपरेशन झालंय त्याने दवंडी झाल्याशिवाय खिंडीत पाऊल टाकायचं नाही. ज्याचं झालेलं नाही त्याला कोणी अडवत नसे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो गवा होता, त्यांनी गव्यापुरताच विचार केला.

दवंडी टिटवी द्यायची. सावरीच्या झाडाजवळच्या उंच खडकावर उभी राहून ती आधी जनावराचं नाव ओरडायची, मग ऑपरेशनचं नाव, मग 'बरं झालं हो!' असं. खिंडीपलीकडेही ऐकू जायचं. मग खिंडीच्या तोंडाशी बसलेला रानडुक्कर, दगडूमामा, बाजूला सरकायचा.

हौसा टिटवीकडे गेली.

"हौसा नीलगाय," टिटवीने घसा साफ केला. "पुढे काय म्हणू?"

"बरी झाली म्हण."

"अगं ते शेवटी. मधलं सांग. ऑपरेशनचं नाव काय?"

"नाव नाही त्याला. साळूबाईनं केलं."

"मधलं नाव असल्याशिवाय मला ओरडता येत नाही बाई," टिटवी म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं. "आणि आता तर मंडळाने ठरवलेलंच नाव लागतं. आजच त्यांची शेवटची बैठक आहे. तू जाऊन तर बघ."

हौसा आणि साळूबाई मंडळापुढे गेल्या.

मंडळाने तोवर खूप काम केलं होतं. 'जोडणे'ऐवजी नुसतं 'जोड' म्हणायला अण्णा राजी झाले होते, आणि तीन नावं ठरली होती. 'पाठीकडून मणकेजोड' हे टोचेंसाठी. 'पोटाकडून मणकेजोड' हे केसाळेंसाठी. आणि 'कुशीकडून मणकेजोड'. कुशीकडून त्या जंगलात कोणीच ऑपरेशन करत नव्हतं, पण दोनच नावं ठेवली तर मंडळाने काही केलंच नाही असं दिसलं असतं. तीन बरी दिसतात.

"माझं पोट आणि कूस यांच्या मधून आहे," साळूबाई म्हणाली. "तिरकं. चौथं नाव द्या, 'तिरकस मणकेजोड'. झालं काम."

केसाळेंचे कान टवकारले. "पोट आणि कूस यांच्या मधून? म्हणजे अर्धं पोटाकडूनच की. मग ते माझ्याच नावाखाली घ्या."

"वा रे वा!" टोचे फांदीवरून खाली आले. "म्हणजे केसाळेंची दीड पद्धत आणि माझी एक? हे चालणार नाही. हिने तिरकं जायलाच नको होतं."

"अहो, नस आडवी येत होती," साळूबाई म्हणाली.

"नसेचा विषय आजच्या बैठकीत नाही," अण्णा म्हणाले.

मग हौसाचा धीर सुटला. "मी बरी झालेय हो," ती म्हणाली. "तुम्ही बघा तरी." आणि ती तिथल्या तिथे धावून आली. आडव्या पडलेल्या सागाच्या ओंडक्यावरून तिने उडी मारली. परत आली, परत मारली. धापा टाकत उभी राहिली.

मंडळाने लक्ष देऊन बघितलं. केसाळेंनी तर टाळीसुद्धा वाजवली.

"उडी सुरेख आहे," टोचे म्हणाले. "प्रश्न एवढाच आहे की ती कोणत्या पद्धतीची आहे."

अण्णांनी मान आत घेतली. बराच वेळ आतच ठेवली. मग बाहेर काढून निर्णय दिला. "मंडळाने तीन नावं ठरवली आहेत. या तिन्हींत जी शस्त्रक्रिया बसत नाही, ती या जंगलात झालेली नाही."

"झालेली नाही?" हौसा म्हणाली. "मग माझ्या अंगात हा काटा कोणाचा आहे?"

"काट्याचं मंडळाला काही माहीत नाही."

"मग मी माझ्या लेकराकडे जाऊ कशी?"

आणि मुलांनो, इथे एक चमत्कार झाला. टोचे आणि केसाळे यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं.

"सोपं आहे," केसाळे म्हणाले. "आपण पुन्हा उघडू. काटा काढू. मणके मोकळे करू. आणि ठरलेल्या नावाने परत जोडू. दवंडीही होईल."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," टोचे म्हणाले. "मी पाठीकडून करतो."

"मी पोटाकडून करतो."

"आधी मी बोललो."

"आधी मी सुचवलं."

ते दोघं हौसाच्या दोन बाजूंना उभे राहून भांडत होते, आणि हौसा मधे अडकली होती. तिने साळूबाईकडे बघितलं. साळूबाईचे सगळे काटे उभे राहिले होते.

"चल," साळूबाई म्हणाली.

दोघी खिंडीकडे निघाल्या. वाटेत डोह लागला. त्यात आता चिखलही भेगाळला होता.

खिंडीच्या तोंडाशी दगडूमामा बसले होते. मामा मनाने चांगले होते, पण नियम म्हणजे नियम. समोर सख्खी आई आली असती तरी त्यांनी दवंडी विचारली असती.

"दवंडी नाही ऐकली तुझी," मामा म्हणाले.

"नाही झाली," हौसा म्हणाली. "मंडळ म्हणतं, माझं ऑपरेशन झालंच नाही."

मामांनी डोळे मिचकावले. विचार करायला त्यांना वेळ लागायचा. तो त्यांनी घेतला.

"ऑपरेशन झालंच नाही? मग दवंडी कशाची? ज्याचं झालं नाही त्याला मी कुठे अडवतो?" ते उठायला लागले. मग त्यांची नजर हौसाच्या कुशीवर गेली. "थांब. ही शिवण कसली?"

हौसाने साळूबाईकडे बघितलं. खोटं बोलायची सवय नव्हती तिला.

मामा साळूबाईकडे वळले. "तू वैद्य ना? खरं सांग. हिच्या पाठीचं ऑपरेशन तू केलंस का?"

आता बघा. साळूबाईने आजवर जेवढी कामं केली होती, त्यांत हे सगळ्यात देखणं होतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं. कोणी वाहवा करावी म्हणून ती थांबली नव्हती, पण आपण केलं ते केलं, एवढं तरी म्हणावंसं वाटतंच ना कोणालाही? तुम्ही चित्र काढलंत आणि कोणी विचारलं, हे तू काढलंस का, तर नाही म्हणून दाखवा बरं.

खिंडीतून वारं आलं. वाऱ्याबरोबर पलीकडून एक हंबरणं आलं, बारीक आवाजाचं. हौसाचे कान तिकडे वळले.

"नाही," साळूबाई म्हणाली. "मी काही केलेलं नाही."

"मग ही शिवण?"

"काटा लागला होता तिला. मी नुसतं शिवलं."

"बरं," म्हणून दगडूमामा बाजूला सरकले.

हौसाने साळूबाईच्या कपाळाला नाक लावलं. काटे टोचले तरी लावलं. मग हौसा खिंडीत शिरली, आणि मुलांनो, अशी काही ताठ आणि झपाझप चालत गेली की विचारू नका. मधे एकदाही बसली नाही.

पलीकडे ठमी धावत येऊन तिच्या पुढच्या पायांत शिरली. थोडी मोठी झाली होती, रोडही झाली होती. हौसा तिला चाटत सुटली.

"आई, तुझे पाय हलत नव्हते ना गं? कोणी बरं केलं?"

"साळूबाईनं," हौसा म्हणाली. मग मान वर करून खिंडीकडे तोंड केलं आणि मोठ्याने ओरडली, "साळूबाईनं केलं!" तिकडे मंडळाचं राज्य नव्हतं, तिला कोणाची भीती?

अलीकडे टिटवीने ते ऐकलं. सांगावंसं खूप वाटलं तिला. पण मधलं नाव नव्हतं, म्हणून ती गप्प बसली. टिटवीला गप्प बसणं किती जड जातं, ते तिचं तिलाच ठाऊक.

काय म्हणालास? संपली? एवढी घाई कसली तुला? बस खाली.

मंडळाने वाघोबांना अहवाल दिला, तो असा. प्रमाणीकरण पूर्ण झालं आहे. त्याचा पहिलाच लाभ म्हणजे हौसा नावाची नीलगाय कोणतीही शस्त्रक्रिया न होता खडखडीत बरी झाली. खुद्द दगडूमामांची तशी साक्ष आहे. नावं नीट ठरवल्यानेच पाठी बऱ्या होऊ लागल्या आहेत, असं मंडळाचं नम्र मत आहे.

वाघोबा खूश झाले. कासवअण्णांचा जाहीर सत्कार झाला. शाल पांघरली ती ढालीवरून घसरली, परत पांघरली ती परत घसरली, शेवटी दोन माकडं धरून उभी राहिली. सत्कारानंतर अण्णा मार्गदर्शक झाले, म्हणजे घरी बसले. अध्यक्षपद रिकामं झालं.

नवा अध्यक्ष कोण? ज्याच्या नावावर एकही ऑपरेशन नाही असा, हा नियम होताच, पण या वेळी वाघोबांना जाणकार वैद्यच हवा होता. शोधाशोध झाली. टोचेंच्या नावावर ढीगभर होती, केसाळेंच्याही होती. साळूबाईच्या सगळ्याच शस्त्रक्रिया तिरकस, म्हणजे मंडळाच्या लेखी तिने जन्मात एकही केली नव्हती. आणि खिंडीपाशी तसं तिने स्वतःच सांगितलं होतं.

अशी साळूबाई अध्यक्ष झाली. करवंदं आता तिच्यासमोर टोपलीभर ठेवायचे.

अण्णांच्या सत्काराहून घरी परतताना डॉक्टर केसाळे रस्त्यावरच्या खड्ड्यात पडले होते. त्याच खड्ड्यात, ज्यात हौसा पडली होती. खड्डा बुजवायचं काम कोल्ह्यालाच दिलेलं होतं. केसाळेंची पाठ गेली. मागचे पाय ओढत ओढत ते कसेबसे गुहेत पोचले.

जावई म्हणाला, "मी करू का, डाव्या हाताने?" सासरेबुवांनी त्याला हाकलून दिलं.

टोचे भेटायला आले. फळं घेऊन आले. "पाठीकडून करून टाकू," म्हणाले, "तुमच्यासाठी खास कोवळ्या बाभळीच्या खुंट्या काढल्यात."

"आभारी आहे," केसाळे म्हणाले, आणि टोचे गेल्यावर भिंतीकडे तोंड करून विव्हळले. टोचेंच्या खुंट्या घेऊन जंगलात हिंडायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं वाटलं त्यांना. आणि पोटाकडून करायला ते सोडून दुसरं कोणी भरवशाचं नव्हतं. स्वतःचं पोट स्वतः उघडता येत नाही.

भर दुपारी, सगळं जंगल सावलीला झोपलेलं असताना, ते सरपटत कारवीच्या झुडपापाशी आले. साळूबाई अध्यक्षीय भाषण पाठ करत बसली होती.

"बाई," केसाळे म्हणाले. "हौसावर तुम्ही जी केली नाहीत ना... ती जरा माझ्यावर करता का?"

साळूबाईने त्यांच्याकडे बघितलं. बोलण्यासारखं खूप होतं तिच्याकडे, आणि जीभ किती तिखट ते मी मघाशीच सांगितलंय. पण समोर पाठ धरलेलं जनावर होतं. तिने भाषण गुंडाळून ठेवलं.

"कुशीवर वळा," ती म्हणाली. "एवढं नको. थोडं मागे. हां, आता हलू नका."

"काटा तुमचाच घालणार?"

"तुमच्या केसांवर भागलं असतं तर तेच घातले असते. गप्प पडा."

पाऊस सुरू व्हायच्या आत केसाळे चालायला लागले. टोचेंनी त्यांना वारूळ उकरताना बघितलं आणि ते चक्रावले.

"केसाळे! अहो, काय केलंत?"

"काही नाही," केसाळे म्हणाले.

टोचेंनी मान तिरकी करून त्यांची चाल बघितली. पुढून बघितली, मागून बघितली. मग उडून गेले. पण खोडं टोचून टोचून त्यांची मान बरेच दिवस धरलेली होती. पुढच्या महिन्यात तेही कारवीखाली दिसले.

मग ते पोट आणि पाठ दोन्ही दुखणारं चितळ आलं. मग गवे आले, माकडं आली. कोणी कोणाला विचारलं, काय केलंस रे, तर उत्तर एकच, "काही नाही." हळूहळू तेच नाव पडलं. साळूबाईच्या झुडपापाशी रांगेत उभं राहून जनावरं सांगायची, "मला 'काही नाही' करायचंय." वैद्य एकमेकांना सांगायचे, "याचं 'काही नाही' झालेलं आहे, पाठीकडून उघडू नका." आणि ऐकणाऱ्याला बरोब्बर कळायचं की पोट आणि कूस यांच्या मधून गेलेत आणि आत काटा आहे. सगळ्या जंगलात एक भाषा. साळूबाईला हवी होती अगदी तशी.

मंडळाच्या लेखी मात्र त्या वर्षी जंगलात जवळपास एकही शस्त्रक्रिया झाली नाही. तसा अहवाल अध्यक्षांनी, म्हणजे साळूबाईनेच, वाघोबांना वाचून दाखवला. वाघोबांना गहिवरून आलं. टिटवीला काम उरलं नाही, ती जांभया देत बसली. दगडूमामा सगळ्यांना सोडत राहिले.

पावसाळ्यानंतर नीलगायींचा कळप परत आला. ठमी आईबरोबर कारवीच्या झुडपापाशी थांबली आणि टक लावून बघत राहिली.

"आई, साळूबाईच्या पाठीवर काटे एवढे कमी का गं?"

हौसाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. झुडपाखालून साळूबाईने डोळे वटारले.

"काही नाही," हौसा म्हणाली, आणि ठमीला घेऊन पुढे गेली.

तात्पर्य : मुलांनो, कोणाचं भलं करायचं मनात आलं, तर आधी त्या कामाला मंजूर नाव आहे का ते बघा. असेल, तर मंडळाची बैठक होईपर्यंत थांबा. नसेल, तर ताबडतोब करून टाका, आणि कोणी विचारलं की काय केलंस, तर काय म्हणायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे. उठा. पाठ सरळ ठेवून चाला. आणि बाहेर रस्त्यावर जरा बघून.